बिनमातीचं घर

घर भाड्यानं देताना मालक लोक जात विचारतात, माणसं किती ते विचारतात, मटण शिजवता का ते विचारतात. ह्या माणसानं आम्हाला फाटकातच उभं करून विचारलं, "सामानात माती आहे का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. मागं टेम्पो उभा, त्यात आमचं कपाट, गाद्या, गॅसची शेगडी. वरून मे महिन्याचं ऊन. मी म्हणालो, "माती कशाला असंल काका?" तर म्हणाले, "कुंडी, तुळस, मागल्या वर्षीचा गणपती, कायबी असतं लोकांकडं. माती ह्या घरात चालत नाय. करारात लिहिलंय, वाचलं नाय का तुम्ही? मास्तर ना तुम्ही?"

करारात खरंच लिहिलं होतं. सातवं कलम. आणि मी मास्तर असूनही वाचलं नव्हतं. तिथपासून आमचं जे वाकडं सुरू झालं ते शेवटपर्यंत सरळ झालं नाही.

गारखेड्यातल्या त्या गल्लीत सगळे त्यांना 'क्वालिटीवाले काका' म्हणायचे. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात क्वालिटी विभागात काढली होती. काम एकच, माल तपासायचा आणि चुकला असेल तर त्याला लाल टॅग बांधायचा. निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. हे घरी पत्र्याचा एक डबा भरून लाल टॅग घेऊन आले. छोट्या पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वर भोक, भोकात सुतळी, आणि खाली तीन रकाने: वस्तू, दोष, तपासणारा. तिसऱ्या रकान्यात त्यांची सही, इतकी बारीक की भिंगातून बघावी लागावी.

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात हे, आणि गच्चीवर ह्यांचं लेट्यूस.

गच्चीवर हिरव्या जाळीखाली पांढरे पाइप आडवे लावलेले, पाइपांना ओळीनं गोल भोकं, भोकात जाळीचे कप, कपात स्पंजचा तुकडा आणि त्या तुकड्यात रोप. खाली निळा ड्रम. ड्रमातलं खताचं पाणी कूलरच्या मोटारीनं वर चढायचं, मुळांना भिजवत पाइपांतून वाहायचं आणि परत ड्रमात यायचं. चिमूटभर माती नाही. आमच्या शहरात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्यात हा माणूस गच्चीवर पाला पिकवतो म्हणून गल्लीतले लोक तोंडावर वाहवा करायचे आणि मागं हसायचे. ते मात्र छाती काढून सांगायचे, "तुमच्या एका फरशी पुसण्यात जातं तेवढ्या पाण्यात माझी अख्खी लाइन चालते. पाणी इमानदार असतं, मास्तर. मीटर बुडवा, खरं बोलतं. माती खोटं बोलते."

हे वाक्य दिवसातून चारदा. माती खोटं बोलते. कुणी विचारलं नसलं तरी.

मी एकदा म्हणालोच, "काका, तुम्ही ज्वारीची भाकरी खाता. ती काय पाइपात उगवते का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी वाकडा बोल्ट आहे. "बाजारातल्या ज्वारीची माती माझ्या वळखीची नाय," म्हणाले. "वळखीची माती खोटं बोलते."

उन्हाळ्यात तर डोक्याला ताप. लेट्यूसच्या मुळांना गरम पाणी सोसत नाही, म्हणून ड्रमात बर्फाच्या बाटल्या सोडायचे. त्यांच्या फ्रीजमध्ये मावतील तितक्या त्यांच्या, आणि उरलेल्या आमच्या फ्रीजरमध्ये. आमच्या लेकीनं आइस्क्रीम मागितलं की बायको म्हणायची, "आधी वरच्या पाल्याला विचार, त्याला गार झालं का." सकाळ-दुपार दार न वाजवता आत यायचे, फ्रीजर उघडायचे, बाटल्या बदलायचे, आणि जाता जाता आमच्या फ्रीजचं रबर सैल झालंय म्हणून सुनवायचे.

आणि संध्याकाळी मी शाळेतून आलो की जिन्यात उभे, हातात एक पान. "खा. शेरा द्या."

थंडीत ठीक असायचं. कुरकुरीत, पाणचट, चवीला काहीच नाही. एप्रिल लागला की ते रोप उंच व्हायला बघायचं आणि पान कडूजहर. मी म्हणायचो, "कडू आहे काका." ते म्हणायचे, "उन्हाचा दोष आहे. पानाचा नाय." तरी वर जाऊन त्याच रोपाला लाल टॅग बांधायचे. दोष होता उन्हाचा आणि फाशी रोपाला. हा त्यांचा न्याय.

मग त्यांना कळलं की माझी शाळा दौलताबादच्या बाजूला आहे, मी रोज गाडीवर जातो. दुसऱ्याच दिवशी सकाळी फाटकात एक पिशवी घेऊन उभे. ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन गड्डे. "किल्ल्याच्या पायथ्याला आमचं वावर आहे. तिथं म्हातारी असते, माझी आई. तेवढं देऊन या."

"तुम्ही जात नाही का?"

"मला वेळ नाय."

निवृत्त माणूस, आणि वेळ नाही म्हणे. पण मी नेलं. आठवड्यातून एकदा नेत राहिलो. आणि प्रत्येक वेळी परत आलो की जिन्यात पान पुढं करायच्या आधी एकच प्रश्न, तोंड दुसरीकडं वळवून: "काय म्हणाली?"

मी सांगायचो, "छान लागला म्हणाल्या." धादांत खोटं. त्या आजीनं माझ्यासमोरच तो पाला शेळीपुढं टाकला होता. वर म्हणाल्या होत्या, "ह्याला ना वास ना चव. पन शेळी लई आवडीनं खाती, आनत जा मास्तर."

आजी ठणठणीत होत्या. वय त्यांनाही माहीत नव्हतं. धाकट्या लेकाकडं, वावरातल्याच घरात राहायच्या. पेरूच्या झाडाखाली बाजेवर बसून शेंगा फोडायच्या आणि माझ्या हाती त्यातल्याच मातीसकट शेंगा पाठवायच्या. काका त्या फाटकाबाहेरच धुवायचे, पिशवीसुद्धा धुवायचे, आणि खायचे मात्र एकटेच, कुणाला न देता.

का जात नाही हा माणूस आईकडं, ते मला आजींनीच सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. मधला बांध धाकट्यानं अडीच हात सरकवला, असं काकांचं म्हणणं. वडिलांनी बांध बाभळीच्या पलीकडं घातला होता, आणि आता बाभूळ धाकट्याच्या बाजूला दिसते. दुसरा कोणी असता तर अडीच हातांसाठी भावाशी भांडला नसता, पण हा क्वालिटीवाला. मोजपट्टी घेऊन तीन दिवस वावरात. शेवटी गावातली चार माणसं जमली, म्हणाली म्हातारीला विचारा, तिच्या नवऱ्यानं घातलेला बांध आहे. आजी उठल्या, भांडणाच्या जागेवरची मूठभर माती हातात घेतली आणि म्हणाल्या, "बांध हितंच व्हता. ह्या मातीची आन."

झालं. मातीची आण घेतल्यावर पुढं कुणी बोलत नाही. काकांनी तिथंच हात झटकले. म्हणाले, मी परत मातीला हात लावणार नाही. लोकांना वाटलं रागाच्या भरात बोलला. त्यांनी शहरात येऊन घरातली तुळससुद्धा उपटली.

"आमच्यात मेल्यावर जाळत नाईत, मास्तर," आजी म्हणायच्या. "पुरत्यात, आपल्याच वावरात. समद्यांनी मूठमूठ माती टाकायची. थोरल्याची मूठ आदी पडावी लागती. यील का रं तो? टाकील का माती?"

दर वेळी हेच. शेंगा, शेळी, आणि यील का रं तो. मी म्हणायचो, "येतील आजी. आई आहात तुम्ही." पण काकांना मी ओळखून होतो. माझीच खात्री नव्हती.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी पिशवी द्यायला गेलो. आजी बाजेवर आडव्या होत्या, चार दिवस ताप. त्यांनी मला जवळ बसवलं. माझा हात धरला. तो हात इतका हलका झाला होता की धरलाय हे कळत नव्हतं.

"मास्तर, तुमी शिकलेले. नीट ध्यानात ठेवा आन जसंच्या तसं सांगा त्याला. बांध त्याचाच खरा व्हता. म्या खोटी आन घेतली. त्याला कारखाना व्हता, धाकट्याला काय व्हतं? चार लेकरं आन एवढुसं वावर. म्हून बोलले. मला त्या अडीच हातातच पुरा, म्हनावं. त्याच्या जागंत. धाकट्याला बी तेच सांगितलंय. आन पयली माती त्यानं टाकावी."

मी उठलो आणि गाडी काढली. मिटमिट्यापासून घरापर्यंत मनात वाक्यं जुळवत आलो. जिन्यात कसं उभं राहायचं, कसं बोलायचं.

घरात शिरलो तर बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली. रडून डोळे सुजलेले.

आमच्याकडं एक चोरी होती. बायकोच्या माहेरचं घर विकलं गेलं तेव्हा तिनं परसातलं एकच रोप आणलं होतं, कढीपत्त्याचं. रंगाच्या जुन्या डब्यात, न्हाणीघराच्या खिडकीत, दोन वर्षं लपवून वाढवलेलं. त्या दिवशी बाटल्या बदलायला आलेल्या काकांनी ते बघितलं. बायको पाया पडली, म्हणाली काका, राहू द्या, माझ्या आईच्या हातचं आहे. काकांनी ओरडाआरडा केला नाही. डबा उचलला, रस्त्यावर माती उपडी केली, नळाखाली रोपाची मुळं अगदी हळू, एक एक करून धुतली आणि गच्चीवर नेऊन पाइपातल्या कपात बसवलं. आणि वर म्हणाले, "आता बघ कसं वाढतं. माती गेली, रोग गेला."

माझं टाळकंच सरकलं. मी जिन्यात आलो तर हे उभेच, तोंड भिंतीकडं.

"काय म्हणाली?"

आणि मी म्हणालो, "काही नाही."

एवढंच. मला त्या वेळी बरं वाटलं, हे लपवत नाही. त्यांचा चेहरा क्षणभर पडला ते मला दिसलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं सडू दे. दोन दिवस थांब, मग सांगतो. माझ्या बायकोच्या आईचं तू उपटलंस, तुझ्या आईचं मी ठेवून घेतो.

रविवारी बोललो नाही. सोमवारी ते दोनदा खाली आले, एकदा हातमोजे आणायला सांगायला आणि एकदा कारण नसताना, तरी नाही. मंगळवारी बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि हातात काहीतरी धरून खाली आली. कढीपत्ता मान टाकून काळा पडला होता. देठाला लाल टॅग. वस्तू: कढीपत्ता. दोष: मातीची सवय.

तो टॅग वाचल्यावर मी ठरवलं की ह्या माणसाला मी जन्मात सांगणार नाही.

बुधवारी सकाळी धाकट्याचा फोन आला. आजी गेल्या.

काका माझ्या दारात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. "मास्तर, गाडी काढता का?" एवढंच म्हणाले. मी शाळेत कळवलं आणि गाडी काढली. छावणी गेली, पडेगाव गेलं, मागं बसलेला माणूस आहे का उतरला कळत नव्हतं. किल्ला दिसायला लागला तेव्हा एकदाच आवाज आला, "किल्ला हाय तेवढाच हाय." अकरा वर्षांनी बघत होते.

सांगायला हवं होतं. पूर्ण रस्ता माझा होता, मागं दुसरं कुणी नव्हतं. पण सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, कधी म्हणाली. मी नुसती गाडी हाकत राहिलो.

वावरात माणसं जमली होती. विधी करायला जंगम महाराज आले होते. आजींना बसवून, फुलांनी सजवून आणलं. खड्डा तयार होता. काकांनी चपला काढल्या, पुढं झाले, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की ते वाकले. हात पुढं केला होता, मोकळा हात. मातीच्या ढिगापासून वीतभर राहिला होता. मग त्यांची नजर वर गेली आणि बाभूळ दिसली. त्यांनी बाभळीपासून खड्ड्यापर्यंत डोळ्यांनीच माप घेतलं. हात मागं गेला.

धाकटा हळूच म्हणाला, "दादा, आईनं सांगितलं तिथंच खांदलंय."

काका माझ्याकडं वळले. ओठ पांढरे पडलेले. "बघितलं मास्तर? मरतानाबी त्याच्याच बाजूनं. माझ्या जागंत तिला बसवलं. आता इथं कोण बांध मागंल?"

बोल, बोल, असं माझं मन ओरडत होतं. नाही हो काका, उलटं आहे सगळं. एवढी चार अक्षरं. लोक बघत होते, महाराज थांबले होते, आणि मी बाभळीकडं बघत राहिलो.

"डिक्कीत माझे हातमोजे आहेत ना? आणा."

खताचं पाणी ढवळायला ते निळे रबरी हातमोजे घालायचे. सोमवारी त्यांनीच मेडिकलमधून आणायला सांगितलेला डबा माझ्या डिक्कीत पडून होता. द्यायचा राहिला नव्हता, रागानं दिला नव्हता. मी गेलो. डिक्की उघडली. डबा आणला. तो मीच त्यांच्या हातात दिला, दुसऱ्या कुणी नाही.

त्यांनी दोन्ही हातमोजे घातले, मनगटापर्यंत नीट ओढले, आणि आईला माती दिली. निळ्या बोटांनी. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. धाकट्यानं मान खाली घातली. कुणीतरी मागून म्हणालं, "आईचा विटाळ झाला का ह्याला?" काकांनी ऐकलं असणार. हातमोजे उलटे करून काढले, घडी केली आणि पँटच्या खिशात घातले.

परत येताना पडेगावजवळ टपरीवर त्यांनी गाडी थांबवायला लावली. पाणी प्यायले. आणि मग मी सांगितलं. कारण आता सांगून काही बिघडणार नव्हतं आणि पोटात ठेवणं मला झेपत नव्हतं. माझ्या सोयीनं सांगितलं, असं म्हणा. बांध तुमचाच खरा होता. त्या खोटं बोलल्या होत्या. जागा त्यांनी मुद्दाम मागितली, तुमची म्हणून.

ग्लास हातात तसाच. "कधी म्हणाली?"

"शनिवारी."

त्यांनी बोटं मोजली. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मग गाडीवर बसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराच्या कडीला लाल टॅग. वस्तू: मास्तर. दोष: उशीर, चार दिवस. खाली ती बारीक सही.

माझं डोकं फिरलं. माझ्या चुकीबद्दल मला जे वाटायचं ते वाटतच होतं, पण हा माणूस मला टॅग लावणार? अकरा वर्षं काय करत होतास, हे विचारायलाच मी दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेलो.

मोटार बंद होती. पाइपांतलं पाणी आटलेलं, सगळ्या लेट्यूसनं ओळीनं माना टाकलेल्या. काका उपड्या बादलीवर बसले होते. समोर कपडे वाळवायच्या दोरीला ते निळे हातमोजे लटकवलेले, उलटेच, आतली माती आत ठेवून. त्यांना टॅग. दोष: उशीर, अकरा वर्षं.

मी जिन्याच्या तोंडाशीच थांबलो.

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. "काय म्हणाली?"

"काल सांगितलं ना काका."

"परत सांगा. शब्द बदलू नका. ती बोलली तसं."

मी उभ्या उभ्या सांगितलं. त्याला कारखाना व्हता, धाकट्याला काय व्हतं, तिथपासून पयली माती त्यानं टाकावी, इथपर्यंत. ऐकून म्हणाले, "महिनाअखेर घर सोडा."

महिनाअखेरीला अठरा दिवस होते. ते अठराही दिवस मी शाळेतून आलो की ते जिन्यात उभे असायचे. हातात पान नसायचं. तोंड आता भिंतीकडं नसायचं, सरळ माझ्या तोंडाकडं बघायचे. "काय म्हणाली?" आणि मी सांगायचो, सगळं, आजींच्या बोलीत, त्यांच्या लयीत. एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर बोट वर करून थांबवायचे, तिथून परत म्हणायला लावायचे. बायको म्हणायची, का ऐकून घेता त्याचं?

शेवटच्या दिवशी टेम्पो भरला. मी किल्ली द्यायला गेलो. ते फाटकातच होते, जिथं पहिल्या दिवशी उभे होते तिथंच.

"काय म्हणाली?"

मी सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. ते मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिले, किल्ली घेतली आणि फाटक लावता लावता म्हणाले,

"शनिवारी एवढंच सांगायचं होतं, मास्तर."